ट्रेकला वेळ कसा काढता? (एकटीने पण आणि लेकीला घेऊन पण)

सोनकी_डोंबिवली

मंडळी, थोडं रडगाणं आहे पण त्यात खराखुरा प्रश्न पण आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मी डोंबिवलीत राहते, ऑफिस ऐरोलीला. लग्नाआधी रविवार म्हणजे ट्रेक हे ठरलेलंच असायचं. शनिवारी रात्री शेवटची कर्जत नाहीतर कसारा पकडायची, स्टेशनवर पेपर अंथरून पडायचं, उजाडलं की पायथ्याच्या गावात चहा आणि संध्याकाळी मळक्या अवतारात परत. आता लेक सात वर्षांची आहे, नवऱ्याला शनिवार वर्किंग, सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. रविवार उगवतो तो इडलीचं पीठ, आठवड्याची भाजी निवडणं, लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट आणि कुणाचं तरी बारसं नाहीतर साखरपुडा हे सगळं घेऊनच. सॅक माळ्यावर आहे, तिची चेन गंजली असणार.

अडचण दोन बाजूंनी आहे. एकटीने जाते म्हटलं तर घरात नाही कुणीच म्हणत नाही, पण "जा की, आम्ही करू काहीतरी जेवायचं" असं ज्या सुरात म्हणतात ना, त्या सुरातच अर्धा ट्रेक संपतो. आणि सगळ्यांना घेऊन गेले तर तो ट्रेक राहत नाही. गेल्या डिसेंबरात लोहगडला गेलो होतो. सकाळपासून डबे मी भरले, निघेपर्यंत दहा, वर गाड्यांची ही रांग, लेकीला पहिल्याच टपरीवर मॅगी दिसली, नवरा गणेश दरवाजाशी सावली बघून बसला तो बसलाच. गडाची विंचूकाटा माची मी लांबूनच बघितली. घरी आल्यावर सगळे म्हणाले मस्त झाली ट्रीप, आणि खरंच झाली हो, पण मी चालले कुठे?

तर तुम्ही लोक कसं जमवता ते सांगा. "इच्छा असली की वेळ मिळतो" हे कृपया नको, ते मी स्वतःला रोज सांगते.

---

बुधवारी_सिंहगड (पुणे)

रविवारचा नाद सोडा हो आधी. रविवार हा वार आता आपला राहिलेला नाही, तो घरच्यांचा, नातेवाइकांचा आणि ट्रॅफिकचा.

मी बुधवारी सिंहगडला जातो. पहाटे साडेचारला उठून गाडीवर आतकरवाडी, अंधारातच चढायला सुरुवात, हेडटॉर्च लावून, मोबाईलची बॅटरी हातात धरून नाही कारण मग एक हात अडकतो. तास सव्वा तासात पुणे दरवाजा. त्या वेळेला वाटेत भेटणारी माणसं पण ठरलेली, एक बँकेतले काका, दोन डॉक्टर बाई, आणि दह्याची मडकी घेऊन आपल्या दुप्पट वेगाने चढणाऱ्या मावश्या, त्यांना बघून आपण दमलोय हे बोलायची सोय राहत नाही. वर ताक प्यायचं, सूर्य वर आला की उतरायला लागायचं, साडेआठला घरी, अंघोळ करून दहाच्या मीटिंगला हजर. घरात कुणाला कळत पण नाही मी गेलो होतो म्हणून, म्हणजे बायकोला कळतं, पण तिचं त्या वेळेत काही अडलेलं नसतं हा मुद्दा आहे.

आणि ज्या दिवशी सिंहगड जमत नाही तेव्हा वेताळ टेकडी. कुणी म्हणेल टेकडी म्हणजे काय ट्रेक आहे का, म्हणू दे. पाय तयार राहिले तर वर्षातून जेव्हा दोन दिवस मिळतील तेव्हा राजगड-तोरणा करता येतो, नाहीतर ते दोन दिवस मिळूनही उपयोग नसतो.

---

सोनकी_डोंबिवली

@बुधवारी_सिंहगड, तुम्हा पुणेकरांचं बरं आहे, दारात डोंगर. डोंबिवलीहून पहाटे साडेचारला उठून मी फार तर प्लॅटफॉर्म नंबर ५ चढू शकते 😀 पण वीकडेचा मुद्दा घेतला. महिन्यातून एखादा वर्क फ्रॉम होम असतो.

---

कारवी (ठाणे)

सोनकी, तुझी पोस्ट वाचून दोनदा बघितलं की मीच लिहिलीय का. मुलगा नऊ वर्षांचा, बाकी सगळं सेम, फक्त माझ्याकडे सासूबाईंच्या जागी आई आहे त्यामुळे टोमणे जरा जास्त थेट.

मला जे कळलंय ते एवढंच की तुझा ट्रेक आणि घरच्यांची ट्रीप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू एका रविवारात दोन्ही कोंबायला बघतेयस. मग होतं काय, ट्रीपमध्ये तू सारखी वर कड्याकडे बघत राहतेस आणि घरच्यांना वाटतं हिला आपली कटकट होतेय. दोन्ही वेगळं कर. घरच्यांबरोबर जाशील तेव्हा चालायची अपेक्षाच ठेवू नकोस, आणि एकटी जाशील तेव्हा घरी काय जेवले याचा विचार करू नकोस, मॅगी खाऊन कुणी मरत नाही.

आमच्याकडे असं आहे की महिन्यातला दुसरा रविवार माझा आणि चौथा नवऱ्याचा. तो त्या दिवशी क्रिकेट खेळतो, झोपतो, काय वाट्टेल ते करतो, मी विचारत नाही. उरलेले सगळे घराचे. हे फ्रीजवरच्या महालक्ष्मी कॅलेंडरवर जानेवारीतच लाल पेनाने लिहून ठेवलंय, वर्षभराचं. यातली गंमत अशी की तारीख आधीच लिहिलेली असली की बारसंवाले फोन करतात तेव्हा आईच सांगते, "अगं त्या दिवशी ती नाहीये." आधी मी आदल्या आठवड्यात विचारायचे, उद्या जाऊ का, परवा जाऊ का. विचारलं की समोरच्याला विचार करावा लागतो आणि विचार केला की अडचणी सुचतातच. आता विचारत नाही, सांगते. भांडण नाही, काही नाही, फक्त सांगते.

एकटीने जायचं तर नवीन वाट शोधत बसायचं नाही, हा माझा नियम. जिथे रविवारी माणसं असतातच असे किल्ले, पण आपण पहाटे लवकर पोचायचं म्हणजे चढताना शांतता आणि उतरताना सोबत. तुला आसनगाव सोयीचं आहे, माहुली कर. पायथ्याच्या देवळापर्यंत रिक्षा मिळते, चढ चांगला घाम काढतो, शेवटी शिडी आहे. दुपारी चारच्या आत गावात उतरायचं म्हणजे उतरायचंच, वरून कितीही छान दिसत असलं तरी. वर जाताना गावातल्या कुणाला तरी सांगून जायचं की मी एकटी वर चाललेय, उतरताना त्यांच्याकडेच चहा घ्यायचा. लाईव्ह लोकेशनवर फार भरवसा ठेवू नकोस, रेंज गेली की ते जुनंच ठिकाण दाखवत बसतं आणि घरच्यांचा जीव टांगणीला. त्यापेक्षा "पाचपर्यंत मेसेज नाही आला तर या नंबरवर फोन करा" असं साधं ठरवून जा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाईन आहे, तो नंबर घरच्यांच्या फोनमध्ये पण सेव्ह करून दे, नुसता आपल्या नको.

---

बूड_टेकवा (नाशिक)

मी त्या गणेश दरवाजाशी बसलेल्या नवऱ्याच्या बाजूने लिहितोय, कारण या बाजूने कधीच कुणी लिहीत नाही.

ताई, आम्हाला डोंगराचा राग नसतो. आम्हाला राग असतो तो "अजून जरासंच आहे" या वाक्याचा. माझी बायको नाशिकच्या एका ग्रुपबरोबर सगळीकडे फिरते, आणि तिचं "जरासं" म्हणजे दीड तास असतो हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा समजलं. आता आमचा करार आहे. निघायच्या आदल्या रात्री तिने मला तीन गोष्टी खऱ्या खऱ्या सांगायच्या, किती वेळ चढ आहे, सावली कुठे आहे आणि जेवण किती वाजता. बस. एवढं खरं कळलं तर मी कुठेही येतो. रामशेजला मी स्वखुशीने जातो, शहरापासून जवळ, चढ बेताचा, पायऱ्या, वर मंदिर आणि पाण्याची टाकी. आणि संभाजी महाराजांच्या काळात याच एवढ्याशा किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षं कसं झुंजवलं ही गोष्ट बायको पोरांना सांगत असते तेवढ्यात माझं चहाचं थर्मास उघडून होतं.

आणि दुसरं म्हणजे डबे तुम्ही का भरता? तुमच्या नवऱ्याला भरू द्या. वाईट भरेल. बटाट्याची भाजी सांडेल. पण ज्याने डबा भरला त्याला तो वर जाऊन खायची इच्छा असते, हा मानवी स्वभाव आहे.

---

सोनकी_डोंबिवली

@बूड_टेकवा 😂😂 हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला "हा माणूस कोण आहे, मला याला भेटायचंय". "अजून जरासंच" मी म्हणते हे पण त्याने ताबडतोब कबूल करून घेतलं.

@कारवी, कॅलेंडरची आयडिया जबरी आहे. पण खरं सांगू, घरच्यांबरोबरची ट्रीप पूर्ण वेगळी ठेवायची म्हटली तर लेकीला डोंगर दाखवायचा कधी? मला ती गोष्ट एकटीने करून पुरत नाही गं. तिला पण कळावं असं वाटतं की आई एवढं कशासाठी तडफडते.

---

स्पष्ट_बोलतो

कटू वाटेल पण मुलं लहान आहेत तोवर हे सगळं बाजूला ठेवावं. पाच-सात वर्षांचा प्रश्न असतो. डोंगर कुठे पळून जात नाहीत. आमच्या आयांनी कुठे ट्रेक केले?

---

कारवी (ठाणे)

@स्पष्ट_बोलतो, डोंगर पळून जात नाहीत हे बरोबर, गुडघे जातात. आणि तुमच्या आईने केले नाहीत की तिला कुणी विचारलंच नाही, ते एकदा तिला विचारून बघा. तुमच्या बाबांचे पत्त्यांचे डाव मात्र मुलं लहान असताना बंद होते का हो?

@सोनकी, लेकीला घेऊन जायचंच, पण ती तिसरी गोष्ट. फक्त तू आणि ती. नवरा नाही, सासूबाई नाहीत, बाकी कुणाची मुलं पण नाहीत. त्याबद्दल जुने_बूट दादा लिहितील, त्यांनी दोन पिढ्या डोंगरावर नेल्यात. दादा, आहात का?

---

जुने_बूट (पनवेल)

आहे आहे. नातू झोपला की लॉगिन करतो.

सात वर्षं हे उत्तम वय आहे. खांद्यावर घ्यावं लागत नाही आणि अजून मोबाईल हातात आलेला नसतो, निदान स्वतःचा. फक्त एक समजून घ्या की मुलांना माथ्याशी काही देणंघेणं नसतं. आपण मोठी माणसं माथा गाठायला जातो, ती वाटेवर काय सापडतं ते बघायला जातात. मागच्या थंडीत नातवाला कोरीगडला नेलं होतं. आंबवण्याच्या अलीकडे पेठ शहापूर गाव आहे, तिथून मळलेली वाट आणि मग पायऱ्या, वर भलंमोठं पठार आणि सगळ्या बाजूंनी तटबंदी धडधाकट, त्यामुळे पोर सैरावैरा धावलं तरी आपल्या छातीत धडकी भरत नाही. त्याने काय केलं तर चढतानाच एका टाक्यापाशी उकिडवा बसला, पाण्यावर ते लांब पायांचे किडे असतात ना, न बुडता सरकणारे, त्यांच्या समोर गवताची काडी धरून. किडा काडीजवळ आला की हा श्वास रोखणार, लांब गेला की काडी पुढे सरकवणार. मी दगडावर बसून अख्खी शेंगदाण्याची पुडी संपवली तोवर त्याचं तेच चालू. मग उठला आणि स्वतःहून म्हणाला, तोफ कुठाय? वर कोराईच्या देवळाजवळ लक्ष्मी तोफ आहे, ती बघायला न थांबता गेला. आपण "चल चल" केलं असतं तर टाक्यापाशीच रडारड झाली असती.

म्हणून हिशोब असा करायचा की एकट्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धरायचा आणि त्यातही माथा राहिला तर राहू द्यायचा. सकाळी लवकर सुरू करायचं, अकरा-साडेअकराला उन्हाचा चटका सुरू व्हायच्या आत आपण उतरणीला लागलेलं असावं. पाणी मुलाच्या पाठीवर त्याचं त्याचं, अर्धा लिटर का होईना, स्वतःची सॅक असली की ऐट असते. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, संत्री, काकडी. बूट महागाचे नकोत, सहा महिन्यांत लहान होतात, तळ चांगला पकड घेणारा असला म्हणजे झालं. मोठ्यांसाठी ते ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट अजून मिळतात, सह्याद्रीच्या दगडावर त्यांची पकड मी बऱ्याच महागड्या बुटांपेक्षा भारी बघितलीय.

दिवाळीत लेकीने किल्ला केला होता का? कुठला? जो केला असेल तिथेच न्या. मातीत स्वतःच्या हाताने बुरूज लिंपलेला असतो, तो खरा बुरूज दिसला की चेहरा बघण्यासारखा होतो.

आता जरा कडक बोलतो. पावसाळ्यात लहान मुलं घेऊन धबधब्यात, ओढ्यात उतरू नका. पायऱ्यांचा, रुळलेल्या वाटेचा किल्ला पावसात करा, धुकं दाखवा, सोनकी-तेरडा फुललेला दाखवा, काही हरकत नाही, पण वाहत्या पाण्यात नाही. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. होतं कसं की आपण उभे असतो तिथे रिमझिम असते, पण वर पठारावर धो धो कोसळत असतो. कातळाचा उतार, त्यात पाणी मुरत नाही, ते सगळं एकदम खाली येतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की फोटो बिटो सोडून वर चढायचं. दोन-तीन मिनिटं हातात असतात, कधी तेवढीही नसतात.

आणि ते इन्स्टावरचे स्वस्तातले वीकेंड ग्रुप. सगळे वाईट नाहीत. पण लीडला विचारा की तुमच्या मागे स्वीप (सगळ्यात शेवटी चालणारा) कोण असतो, फर्स्ट एड कुणाला येतं, एका लीडरमागे किती माणसं. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानंतर अशा संस्थांनी नोंदणी करायची असते, ती आहे का हे पण विचारा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याबरोबर जायचं नाही. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्यांवर रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकलेले मी पाहिलेत, खोबणीत बोटं घालून माणसं ताटकळत उभी आणि मागून सेल्फी स्टिकवाला ढकलतोय. दृष्टीभय असलेल्या, म्हणजे खाली सरळ दरी दिसते अशा जागी मूल नेऊच नका, ते घाबरत नसलं तर जास्तच नेऊ नका.

---

झुरिकचा_बाळू (मूळ सातारा)

जुने_बूट दादांच्या "दुप्पट वेळ धरा"ला अनुमोदन. इकडे स्वित्झर्लंडमध्ये चालायच्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात, आणि त्यावर किलोमीटर नसतात तर वेळ लिहिलेला असतो, पुढच्या ठिकाणापर्यंत २ तास ४० मिनिटं वगैरे. त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं, आपण साताऱ्याचे, अजिंक्यतारा किती किलोमीटर आहे ते माहीत असतं. पण घरच्यांबरोबर जायला लागल्यावर कळलं की हेच बरोबर आहे, कारण बायको विचारते ते "किती वाजता पोचू", "किती किलोमीटर" नाही. बूड_टेकवा साहेबांचा करार इथे सरकारनेच करून ठेवलाय.

बाकी इकडे सोय फार आहे, ट्रेन, बस, रोपवे, सगळं वेळेवर. पण वरच्या हॉटेलात सूप घ्यायला जेवढे पैसे जातात त्यात आख्ख्या ग्रुपला गडावर पिठलं-भाकरी-ठेचा खाऊन वर ताक मिळालं असतं, हा हिशोब डोक्यातून जात नाही.

---

गार्बेट_लोकल (बदलापूर)

सोनकी, कारवी म्हणतेय तसं वेगळं ठेवणं ठीक, पण एक मधला रस्ता आहे जो कुणी सांगितला नाही. माथा एक, वाटा दोन.

म्हणजे कसं की तू पहाटेच्या कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतर, पाली भूतिवली धरणाच्या बाजूने सागाच्या वाडीवरून गार्बेट पॉइंटला चढ आणि तिथून चालत माथेरानमध्ये जा. घरचे आरामात नऊला उठून नेरळला येतील, टॅक्सीने दस्तुरीला, तिथून गाड्या बंदच, अमन लॉजवरून मिनी ट्रेनची शटल असते ती सासूबाईंना, गुडघ्यांचा प्रश्न मिटला, ई-रिक्षा पण आहेत. जेवायला सगळे एकत्र. तुझे चार-पाच तास झाले, त्यांची ट्रीप झाली, डबे भरायचे नाहीत, संध्याकाळी सगळे एकाच लोकलने घरी. आमच्याकडे हे मस्त चालतं. सासऱ्यांना तर आता त्यात खेळच वाटतो, मी आधी पोचतो का ते, यावर आम्ही चहाची पैज लावतो आणि ते जिंकायला घोड्यावर बसून येतात.

असंच सिंहगडला करता येतं, तू आतकरवाडीतून पायी, बाकीचे घाटाने गाडीतून. रायगडला तू पायऱ्यांनी आणि ते रोपवेने. रायगडाला जोडून सुट्टी असली तर रोपवेची रांग मोठी असते एवढं बघून जा.

गार्बेटच्या वाटेला पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस मात्र. खाली धरणापाशी ढोरवाटा खूप फुटतात, उजव्या सोंडेला लागायच्या ऐवजी भलतीकडे जाणारे दर रविवारी भेटतात. एकदा कुणाबरोबर तरी कर, मग तुझी तू.

---

सोनकी_डोंबिवली

गार्बेट_लोकल, हे मला सुचलंच नव्हतं!! सासूबाईंना विचारलं आत्ताच, त्या म्हणाल्या माथेरानला त्या लग्नाआधी मैत्रिणींबरोबर गेल्या होत्या आणि शार्लोट लेकवर त्यांचा फोटो आहे. आणि मग त्यांनी कपाटातून तो काढून पण आणला. साडी, दोन वेण्या आणि पायात कॅनव्हासचे बूट. इतकी वर्षं घरात राहून मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या डिसेंबरात जाऊ, थंडी बरी असते. म्हणजे टोमणा मारणाऱ्याच फुटल्या आमच्या बाजूला.

@जुने_बूट दादा, दिवाळीत तिने कुठलाच ठरावीक किल्ला नव्हता केला, जिने आणि गुहा असलेला काहीतरी "सीक्रेट" किल्ला केला होता, मावळे गुहेत लपवलेले. असा कुठला आहे का जवळ? फक्त आम्ही दोघी जाणार.

---

जुने_बूट (पनवेल)

हा तर कोथळीगड झाला की! पेठचा किल्ला म्हणतात तोच. आंबिवलीतून चढायला लागायचं, पेठ गावापर्यंत रुंद कच्चा रस्ता आहे, वळणावळणाने जातो, मुलांना कंटाळा येण्याची शक्यता तिथेच, तेवढा वेळ गोष्टी सांगा. पेठ गावात बसून पोहे-चहा होतो, उतरल्यावर जेवायचं असेल तर चढतानाच सांगून ठेवा, चुलीवरची भाकरी मिळते. गावामागून खरा चढ. वर भैरोबाची गुहा आहे, खांबांवर कोरीव काम, आतली जमीन सपाट, आणि तिथून पुढे सुळक्याच्या पोटातच कोरून काढलेला जिना आहे, दगडातून आतल्या आत वर जाणारा. तुमच्या लेकीला वाटेल तिचाच किल्ला कुणीतरी चोरला. पायऱ्या उंच आहेत, तिच्या मागे तुम्ही रहा, उतरताना तुम्ही पुढे. पावसाळा संपून महिना झालाय, शेवाळ वाळलं असेल, तरी कडेने हात लावून.

---

कारवी (ठाणे)

+१ कोथळीगडला. सोनकी, कर्जत स्टेशनवरून कशेळेपर्यंत शेअरिंगच्या टमटम मिळतात, कशेळ्याहून आंबिवलीला पुन्हा दुसरी. सकाळी लवकर भरायला वेळ लागतो, तेव्हा दोघीतिघी असाल तर सरळ स्पेशल करा. आणि जो सोडतो त्याचाच नंबर घेऊन परतीची वेळ ठरवून टाक, दुपारी आंबिवलीत गाडीची वाट बघत बसलीस तर सगळी मजा जाईल, लेक तिथेच झोपेल आणि तुला तिला उचलून न्यावं लागेल.

तुझा माहुलीचा रविवार पण आजच कॅलेंडरवर लिही. लेकीबरोबर जातेय म्हणून तो रद्द करायचा नाही, हे मी तुला ओळखते म्हणून सांगतेय, न भेटता ओळखते.

---

बूड_टेकवा (नाशिक)

माथेरानच्या दिवशी तुमच्या मिस्टरांना सांगा की चढ शून्य, सावली भरपूर, जेवण एक वाजता. नाही म्हणाले तर मला फोन लावून द्या.

---

सोनकी_डोंबिवली

लिहिलं! कोथळीगड पुढच्या रविवारी, माथेरान डिसेंबरातला तिसरा, माहुली जानेवारीतला दुसरा. नवऱ्याने चौथ्या रविवारावर लगेच स्वतःचं नाव घातलं आणि पुढे "झोप" असं लिहिलं. सॅक माळ्यावरून काढली, चेन खरंच गंजलीय, मेणबत्ती घासून चालू केली.

एक शेवटचं विचारते, लेकीला घेऊन पहाटेच्या कर्जत लोकलला डोंबिवलीत बसायला मिळतं का? का आधी ठाण्याला मागे जाऊन बसून येऊ?

---

पळसदरी_पॅसेंजर

सकाळची डाऊन गाडी आहे, डोंबिवलीपर्यंत रिकामीच असते, मागे जायची काही गरज नाही. फक्त रविवारी मेगाब्लॉक असतो, आदल्या दिवशी बघून घ्या, कल्याणच्या पुढे असला तर परतीला घोळ होतो.

बाय द वे मी पण डोंबिवली पूर्वेलाच राहते, माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला कुणी आपल्याएवढं बरोबर असलं की ती न कुरकुरता चालते. कारवीने "बाकी कुणाची मुलं नकोत" असं वर लिहिलंय ते वाचलं, तरी विचारते, येऊ का?

---

कारवी (ठाणे)

मी माझे शब्द मागे घेते, या दोघी जा 😀

---

सोनकी_डोंबिवली

या की! स्पेशल टमटमचे पैसे पण अर्धे होतील. मधला लेडीज डबा, मी निळ्या सॅकवाली. मेगाब्लॉक शनिवारी रात्री बघून इथेच टाकते.